विधेयकात वाघोबा

आमच्या घरात संसद पहिल्यांदा आली ती माझ्या मोबाइलवरून. मी पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, विषय राज्यशास्त्र. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, पाड्यातलीही पहिलीच, आणि हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. कष्टाने मिळवलंय, लपवायचं कशाला? आता मी बोईसरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. कायदा कसा होतो हा धडा आला की मुलांपुढे पुस्तक मिटते आणि हीच हकिकत सांगते.

त्या वर्षी कॉलेजात युवा संसद भरणार होती. हॉलमध्ये दोन बाजूंना बाकं मांडायची, एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला विरोधक, मधे अध्यक्ष, आणि खऱ्यासारखं विधेयक मांडून त्यावर वाद घालायचा. जो बाक सरस ठरेल त्याला ढाल. सर म्हणाले, "पुस्तकातलं राहू दे, आधी खरं कामकाज बघा." म्हणून मी संध्याकाळी अंगणात मोबाइल तांब्याला टेकवून लोकसभा लावायचे.

एकदा चर्चा चालली होती धार्मिक स्थळांवर आणि सांस्कृतिक वारशावर. कोणी जुन्या देवळांबद्दल बोलत होतं, कोणी म्हणत होतं सरकारने देवाधर्मात पडूच नये. बाबा बोईसरच्या कारखान्यातून हमालीचं काम करून आले होते. भाताची कामं नसली की ते तिकडे जायचे. पाय धुऊन माझ्या शेजारी बसले.

"हे भांडतात का बोलतात?"

"चर्चा करतात, बाबा."

"मंग तो मधला मानूस सारका 'बसा, बसा' का करतो?"

चुलीपाशी बसलेल्या आईने तिथूनच सांगितलं, "आपल्या बैठकीत बी असंच व्हतं. फक्त माईक नाय."

बाबा हसले. पण उठले नाहीत, शेवटपर्यंत बघत बसले. मला ते फार बरं वाटलं.

युवा संसदेत मला खातं मिळालं सांस्कृतिक कार्य. सर म्हणाले, तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो. पोचणारच. आमच्याकडे एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर हाक मारायची असते. पंतप्रधान झाली सफाळ्याची एक मुलगी. तिचे वडील दुकानदार, आणि ती बोलायला अशी पक्की की सरसुद्धा तिच्याशी जपून बोलायचे. विरोधी पक्षनेता होता चिंचणीचा एक मुलगा. घरची चिकूची वाडी, बोलणं सावकाश, पण टोमणा असा मारायचा की समोरच्याला घरी गेल्यावर कळायचा.

विधेयक होतं धार्मिक स्थळं आणि वारसा जपण्याचं. सरकारी बाकावरच्या आम्ही पाच-सहा जणांनी लायब्ररीत बसून मसुदा केला. धार्मिक स्थळ म्हणजे काय, तर पूजेसाठी बांधलेली, छप्पर असलेली वास्तू. आणि दुसरं कलम: नोंद झालेल्या स्थळाचं मूळ स्वरूप कोणालाही बदलता येणार नाही. वाचायला कसं भारदस्त वाटत होतं!

घरी सरावासाठी मी ते अंगणात उभी राहून मोठ्याने वाचलं. बाबा, आई, आणि बाबांचे चुलते बसले होते. त्यांना मी आजा म्हणते आणि अरेतुरेच करते. ते आमच्या पाड्याचे भगत. देवाची पूजा तेच करतात, देवाला काही विचारायचं तर तेच विचारतात. "छप्पर असलेली वास्तू" म्हटल्यावर आईला हसू फुटलं.

"म्हंजे आपला देव बेघर म्हन की!"

मी वाचायची थांबले. आमचा वाघोबा पाड्याच्या वेशीवर ऐनाच्या झाडाखाली आहे. लाकडाची उभी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य, सगळ्याला शेंदूर. भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. वाघाला कोणी कोंडतं का? आणि लाकूडच ते, कुजतं. कुजलं की पाड्यातली माणसं सागाची नवी फळी कोरतात, जुनीच्या बाजूला उभी करतात आणि जुनीची हळूहळू माती होऊ देतात. तिला कोणी हलवत नाही, काचेच्या कपाटात ठेवत नाही. माझ्या विधेयकाप्रमाणे हा देव पहिल्या कलमात बसत नव्हता, आणि कसाबसा बसवला असता तर दुसऱ्या कलमाने त्याची नवी फळी कोरणं हा गुन्हा ठरला असता.

विधेयक खोटं होतं हे मला माहीत होतं. पण मी मंत्री म्हणून उभी राहून, माझ्या आवाजात, भरल्या हॉलमध्ये सांगणार होते की आमचा देव देव नाही. ते मला होणार नव्हतं.

"मी तिथं वाघोबाचं सांगते," मी म्हणाले.

बाबांचा चेहरा एकदम बदलला. आमच्याकडे वाघोबाचं नाव कामाशिवाय घेत नाहीत. नाव घेणं म्हणजे त्याच्यासमोर जाऊन उभं राहणं. गप्पांत, बाजारात, गाडीत कोणी ते घेत नाही. तीन वर्षं कॉलेजात मीही कधी घेतलं नव्हतं.

"शिकलीस म्हनून देवाला हॉलमधी नेनार?" बाबा म्हणाले. "तिथं पोरं हसतील. तुला हसली तर हसली. त्याला हसली मंजे?"

उत्तर आलं आजाकडून. "भांडताय कशाला? त्यालाच इचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजाने वेशीवर पानावर तांदूळ ठेवले, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही म्हणाला आणि चिमटीत आले तेवढे दाणे उचलून जोड्या लावल्या. सगळ्या जोड्या पुऱ्या लागल्या तर देवाचा होकार; पण एक दाणा उरला. त्याने परत चिमूट घेतली, परत जोड्या लावल्या. मी पुरुषांच्या मागे आईजवळ उभी होते. बायकांनी मागेच राहायचं असतं. परीक्षेच्या निकालालासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. देव नाही म्हणाला असता तर मी मंत्रिपद सोडणार होते, हे मी मनात ठरवून आले होते.

"लागल्या पुऱ्या. बोल म्हंतो," आजा म्हणाला. "पन इथं जशी उभी ऱ्हातेस तशी. पायात काय नको."

वाटेत बाबा एवढंच म्हणाले, "मी बी येनार ऐकाया. आन आजा बी."

आता कॉलेजातलं निस्तरायचं होतं. मंत्री स्वतःच्याच विधेयकाविरुद्ध कसा बोलणार? मी चिंचणीच्या मुलाला कँटीनमध्ये गाठलं आणि वडापाव पुढे सरकवून सांगितलं, "तू दुरुस्ती मांड. मी ती मान्य करते."

"सरकार विरोधकांना वडापाव चारतं, हे नोंदवून घेतलं पाहिजे," तो म्हणाला. मग मी सगळं सांगितलं. देवाचं नाव न घेता, नुसतं 'आमच्या वेशीवरचा' म्हणून. तो खाता खाता थांबला.

"आमच्या वाडीच्या कोपऱ्यात बापदेव आहे. नुसता दगड. काका म्हणतो, वर पत्रा टाकला तर रागावेल. आणि आमच्या गावचे कोळी नारळ वाहतात तो दर्या? त्याच्यावर कोण छप्पर घालणार, तुझं खातं?"

"मग मांडतोस?"

"मांडतो. पण तुझ्या सरकारला झोडपणार पण. फुकट नाही."

पंतप्रधान मात्र भडकली. "विरोधकांची दुरुस्ती आपण मान्य करायची? मग ढाल त्यांनाच देऊन टाकू ना, हार पण घालू!" आम्ही तिघं सरांकडे गेलो. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सरकारने विरोधकांचं योग्य म्हणणं मानलं तर त्याला हरणं म्हणत नाहीत. नियमात बसतं. मार्कांत बसेल की नाही, ते परीक्षकांना विचारा." पंतप्रधान दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "निदान भाषण तरी असं कर की मला तुझा राग यायला नको."

युवा संसदेच्या दिवशी हॉल भरला होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आणि आजा पांढरा फेटा बांधून शेवटच्या रांगेत बसले होते. आम्हा मंत्र्यांना कॉलेजने काळे कोट दिले होते आणि पायात बूट सक्तीचे. चिंचणीवाल्याने कबूल केल्याप्रमाणे आम्हाला झोडपलं. "आज हे सरकार देवाची नोंद करील, उद्या कुंपण घालील, परवा तिकीट लावील! आणि ज्या देवाला सरकारच्या व्याख्येपुरतंही छप्पर नाही, त्याने कुठं जायचं?" मग त्याने दुरुस्ती वाचली: स्थळाला छप्पर असो वा नसो, लोक पिढ्यान्‌पिढ्या जिथे पूजा करतात ते धार्मिक स्थळ, आणि रिवाजाप्रमाणे देव नव्याने घडवण्याचा हक्क त्या लोकांचा.

अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी बाकाखाली बूट काढले, मोजे काढले आणि पुढे आले. फरशी गार होती. मी तोंड उघडणार तोच विरोधी बाकावरची एक मुलगी उठली.

"अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा! मंत्री महोदया अनवाणी आहेत! हा सभागृहाचा अवमान आहे!"

हॉल हसला. मोठ्याने हसला. मी शेवटच्या रांगेकडे बघितलंच नाही. अध्यक्ष होता आमच्याच वर्गातला उमरोळीचा एक हडकुळा मुलगा, एरवी वर्गात कधी तोंड न उघडणारा. त्याने नियमांची पुस्तिका चाळली, चष्मा वर केला.

"नियमांत पायांविषयी काही लिहिलेलं नाही. हरकत फेटाळली. मंत्र्यांनी बोलावं. आणि सदस्यांनी बसावं. बसा. बसा!"

मी बोलले. लिहून आणलेलं बाजूला ठेवलं. म्हणाले, "माझे पाय उघडे आहेत, कारण मी आता ज्याचं नाव घेणार आहे त्याच्यासमोर आम्ही असेच उभे राहतो." मग वाघोबाचं नाव घेतलं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. मी फळी सांगितली, चंद्र-सूर्य सांगितले, नवी फळी कशी येते ते सांगितलं. "तुम्ही म्हणता वारसा म्हणजे जुनी वस्तू जशीच्या तशी ठेवणं. आमच्याकडे जुनं लाकूड कुजतं आणि कोरणारा हात तयार राहतो. नवी फळी कोरायची सरकारने बंद केली तर कपाटात लाकूड राहील, आमच्यात कोरणारा राहणार नाही. म्हणून विरोधी पक्षनेत्यांची दुरुस्ती सरकार मान्य करत आहे."

अध्यक्षांनी मत घेतलं. "दुरुस्तीच्या बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं." दोन्ही बाकांवरून होय आलं. आणि सगळं थांबल्यावर शेवटच्या रांगेतून आजाचा खणखणीत आवाज आला: "हाय! हाय!" त्याच्यापाठोपाठ बाबांचा. आमच्या बैठकीत जो बसलेला असतो त्याला मत असतं. इथे बसायला दिलंय म्हणजे मतही दिलंय, असं दोघांनी धरलं होतं.

"प्रेक्षकांनी शांतता राखावी," अध्यक्ष म्हणाला, पण त्यालाही हसू आवरेना. "होयच्या बाजूने बहुमत. दुरुस्ती मंजूर."

ढाल विरोधी बाकाला मिळाली. पंतप्रधानाने कपाळाला हात लावला. मग माझ्याजवळ आली, माझे बूट माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "राग आला नाही. पण ढालीचं दुःख आहे हं मला."

संध्याकाळी बोईसरवरून गाडीने पाड्याकडे निघालो. वेशीवर उतरलो तेव्हा अजून उजेड होता. आजा सरळ ऐनाच्या झाडाकडे निघाला. मी नेहमीप्रमाणे मागे थांबले.

"मागं काय ऱ्हातेस?" तो म्हणाला. "काय झालं ते त्याला सांगाया नको?"

"तू सांग ना, आजा."

"मी काय सांगू? मी नुसतं हाय म्हनलं. बोललीस तू."

मी बाबांकडे बघितलं. बायका तिथे पुढे होऊन बोलत नाहीत. बाबा शेंदराच्या फळीकडे बघत बाजूला सरकले, मला वाट होईल एवढे.

मी पुढे गेले. विधेयक, दुरुस्ती, कलम असले शब्द तोंडात येत होते आणि ते तिथे बरे वाटेनात. म्हणून आमच्या बोलीत सांगितलं. "तुला छपराबिगर देव मानलाय. नवा कोरायचा हक बी आमचाच मानलाय. खऱ्या संसदेत नाय, आमच्या कॉलेजात. पन भायेरच्यांनी मानलाय. चिंचणीच्या पोरानं आधी मांडलं, मंग मी बोलले. तुजं नाव घेतलं तवा कोन हसलं नाय."

एवढंच. सांगून झाल्यावर पुढे काय करतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून हात जोडून उभी राहिले.

"त्या चिंचनीच्या पोराला दिवाळीआधी वाघबारशीच्या पूजेला जेवाया बोलव," मागून बाबा म्हणाले. "देवाचं काम केलंय त्यानं."

"तो विरोधी पक्षाचा आहे, बाबा."

"आसू दे. पोट तर हाय ना त्याला?"

आजा खाली बसून फळीपाशी साचलेला पाला हाताने बाजूला करत होता. "कॉलेजात झालं," तो म्हणाला, "आता खऱ्या ठिकानी बी व्हईल. आपल्यातलं कोन तरी तितं जाईल, उभं ऱ्हाईल, बोलंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू सांग त्याला, वाट बघ म्हनावं."

मी पुन्हा फळीकडे तोंड केलं आणि तेही सांगितलं.