साखरेचे सहा कोपरे

लग्नात भेटोत नाहीतर एसटी स्टँडवर, जुने विद्यार्थी हटकून विचारतात, "सर, अजून साखरच शिकवताय का?"

शिकवतो की! मी मूळचा रहिमतपूरचा, नोकरी सांगलीकडच्या एका कॉलेजात. बी.एस्सी.च्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो. बावीस वर्षं झाली, दरवर्षी फळ्यावर ग्लुकोजचा तोच षटकोन काढतो. षटकोन बदलत नाही, समोरची पोरं बदलतात आणि जाताना एखादा किस्सा माझ्या खिशात टाकून जातात. खिसे आता पार भरलेत, म्हणून थोडे इथं रिकामे करतो.

*

प्रकाश कवठे महांकाळहून रोज एसटीनं यायचा. पहिल्याच तासाला मी षटकोन काढला, एका कोपऱ्यात ऑक्सिजन, पाच कोपऱ्यांत कार्बन, सहावा कार्बन बाहेर डोकं काढून. शेवटच्या बाकावरून हात वर.

"सर, साखरेला एवढं कोपरं हायत, तर जिभेला टोचत कशी न्हाई?"

वर्ग लोटपोट. मीसुद्धा हसलो आणि "बस खाली" म्हणालो. घरी जाऊन चहात साखर घालताना मात्र उत्तर शोधत बसलो. दुसऱ्या दिवशी पूर्ण तास त्या एका प्रश्नावर गेला. रेणू केवढासा असतो, जिभेला तो कळतो कसा, सगळं आलं त्यात.

*

हाच प्रकाश पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत नापास झाला आणि यायचाच बंद झाला. पंधरा दिवसांनी कळलं, गडी कॉलेज सोडून पिकअप चालवणार म्हणतोय. मी फोन लावला. "घरी येतोय. पत्ता सांग."

"सर, स्टँडवरनं बाहेर पडा आन् फक्त ग्लुकोज करा."

आता हे सांगायला हवं. ग्लुकोज उभं काढताना मधल्या चार कार्बनना लटकलेले ओएच कुठल्या बाजूला येतात ते पाठ करावं लागतं: उजवी, डावी, उजवी, उजवी. त्यात तिसऱ्या जागेची उजवी चुकून डावी झाली, तर ते ग्लुकोज राहत नाही, गॅलॅक्टोज होतं. म्हणजे दुधातल्या साखरेचा अर्धा भाग.

मी निघालो. उजवी, डावी... आणि पुढं मनाशी पाठ म्हणण्याच्या नादात वळण चुकलं. बघतो तर समोर कॅन, सायकली, दुधाचा वास. डेअरी! पुन्हा फोन लावला.

"अरे, मी डेअरीपाशी आलोय."

 पलीकडं हसू फुटलं. "सर, तिसऱ्याला डावीकडं वळला व्हय! तुमी गॅलॅक्टोज झालासा!"

मी डेअरीसमोर एकटाच हसत उभा. त्याच्या घरी पोचल्यावर वडिलांना एवढंच म्हणालो, "पिकअप कुणीही चालवेल. ह्याला केमिस्ट्री येते."

वडील म्हणाले, "आवं, पण नापास झालाय की!"

"ते माझं चुकलंय," मी म्हणालो. सोमवारी प्रकाश वर्गात होता. ह्या वेळी पहिल्या बाकावर.

*

त्याच बॅचला यास्मिन होती. तिच्या अब्बांचं बाजारात शिवणकामाचं दुकान. मी मॉडेल करून आणायला सांगितलं होतं: स्टार्च आणि सेल्युलोज. दोन्ही ग्लुकोजच्याच माळा, फरक फक्त जोडणीत. एक नंबरच्या कार्बनचा बाँड खाली असला तर अल्फा, ते स्टार्च, आपण खातो. वर असला तर बीटा, ते सेल्युलोज, म्हणजे कडबा. बीटात एकाआड एक ग्लुकोज पालथं पडतं. स्टार्चची माळ वेटोळी होते, सेल्युलोजची ताठ राहते. का, ते मी दरवर्षी "लक्षात ठेवा" म्हणून सोडून द्यायचो.

यास्मिननं कापडाचे जरा तिरके षटकोन शिवून आणले. एक पट्टी सगळी सुलट जोडलेली, ती टेबलावर ठेवल्या ठेवल्या गोल वळली. दुसरी एक उलट, एक सुलट. ती सरळच्या सरळ.

मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"अब्बांनी. मी फक्त चित्र दाखवलं."

संध्याकाळी मुद्दाम दुकानात गेलो. अब्बा मशीनवरून न उठताच म्हणाले, "आवं सर, ह्यात काय लय न्हाई. तिरक्या कळ्या, म्हंजे कापडाचं तुकडं, एकाच तोंडानं जोडल्या की घेर येतो. एक उलटी, एक सुलटी लावली की पट्टी सरळ. हे घागऱ्याचं गणित हाय!"

त्या पट्ट्या आमच्या लॅबच्या कपाटात आहेत. अजून दरवर्षी निघतात.

*

साखर कारखान्याला सहल नेली होती. तिथल्या केमिस्टसाहेबांनी पोरांची फिरकी घेतली. एका नळीत साखरेचं पाणी, दुसऱ्या नळीत तोडून चार दिवस पडलेल्या उसाचा रस. दोन्हींत फेलिंगचं निळं द्रावण घालून तापवलं. पहिली निळीच राहिली, दुसरी विटकरी लाल. "का, सांगा!"

पोरं माझ्याकडं बघायला लागली, मी छताकडं. यास्मिन पुढं आली.

"साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांचा कामाचा हात धरून असतात, म्हणून फेलिंगला कुणाचाच हात मोकळा मिळत नाही. ऊस शिळा झाला की बाँड तुटतो. हात सुटतात, मग रंग येतो."

साहेब मला म्हणाले, "सर, ही मुलगी आम्हाला द्या."

मी तोंड उघडायच्या आत यास्मिन म्हणाली, "त्यांना कशाला विचारताय? जाहिरात काढा, मी अर्ज करीन!"

त्यांनी काढली. तिनं केला. आता आमची सहल गेली की त्या दोन नळ्या घेऊन तीच उभी असते, आणि माझी नवी पोरं छताकडं बघतात.

*

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी प्रकाशनं कबड्डीत उजवा हात मोडून घेतला. प्लास्टर कोपरापर्यंत. लेखनिक म्हणून मिळाली अकरावी आर्ट्सची सारिका, जिनं बेंझिन हा शब्दही ऐकला नव्हता. आणि पेपरात नेमका प्रश्न: माल्टोज आणि सेलोबायोज, म्हणजे स्टार्चचा आणि सेल्युलोजचा दोन-दोन ग्लुकोजचा तुकडा, काढून फरक स्पष्ट करा. काढणार कोण आणि कसं!

मला वर्गात जायची परवानगी नव्हती. सुपरव्हिजनला इतिहासाच्या मॅडम होत्या. त्यांनीच नंतर सांगितलं. प्रकाश हळू आवाजात बोलत होता. "षटकोन काढ. वरच्या उजव्या कोपऱ्यात ओ. न्हाई, अजून उजवीकडं. आता एक नंबर, तिथनं रेघ खाली. खालीच हां, वर गेली तर सगळंच बदलंल." सारिका खोडत होती, पुन्हा काढत होती. तीन तासांत एकदाही त्याचा आवाज चढला नाही.

प्रकाश त्या पेपरात कॉलेजात पहिला आला. निकालाच्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटत होतो. मॅडमनी पेढा घेतला नाही. माझं पेन घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला दोन षटकोन काढून ओनं जोडले. एक ओएचसुद्धा चुकला नव्हता.

"बरोबर आहे?"

"अगदी बरोबर!"

"आणि ही एवढीशी रेघ खालची वर गेली, की ज्यानं माणसाचं पोट भरतं त्याचा कडबा होतो?"

"हो. तेवढ्यानंच."

मॅडमनी पेन मला परत दिलं. मग म्हणाल्या, "तीस वर्षं इतिहास शिकवला हो सर. कारणं फारच मोठी शोधत बसले मी."