दोष कापसाचा नव्हता

बायकोलासुद्धा न सांगितलेली गोष्ट आज लिहितोय. स्वप्नाचा कॉम्प्युटर का तापत होता ते मला एका शनिवारी दुपारी कळलं, आणि मी ते मुकाट्यानं खिशात घातलं.

मी सोलापुरात कॉम्प्युटर जोडून देतो, दुरुस्त करतो. गिऱ्हाईक बहुतेक पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं. अंबादासअण्णांचा तिथं टॉवेलचा कारखाना आहे. खाली माग, वर घर. त्यांची मुलगी स्वप्ना कॉलेजात शिकते आणि ऑनलाइन गेम खेळते. टाइमपास नव्हे. टीम आहे, स्पर्धा असतात. तिचा गेमिंग पीसी मीच जोडून दिला होता.

थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. "काका, मोठी फाइट सुरू झाली की गेम अडकतोय. समोरचा गोळ्या घालतोय आणि माझा माणूस पुतळा!"

गेलो. गेम चालू ठेवून तापमान बघितलं. प्रोसेसर शंभर डिग्रीला टेकत होता. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. फार तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच हळू चालतो. याला आम्ही थ्रॉटलिंग म्हणतो. तो गार राहावा म्हणून त्याच्यावर कूलर बसवतात: खाली धातूचा ठोकळा, वर पंखा. मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर, म्हणजे उष्णता नीट ठोकळ्यात जाते.

कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर कापसाची लव. पूर्व भागात आम्हा दुरुस्तीवाल्यांचं निदान ठरलेलं असतं. प्रिंटर अडकला? कापूस. पंखा वाजतोय? कापूस. बहुतेक वेळा ते खरंच निघतं, म्हणून पुढं कुणी बघत नाही. मीही बघितलं नाही. ब्लोअर मारला आणि म्हणालो, "अण्णा, हा तुमच्या मागांचा प्रताप."

"मग करायचं काय, इंजिनियर?"

"ती खेळताना माग बंद ठेवा की!"

मी हसत म्हणालो होतो. अण्णांनी ते मनावर घेतलं. एरवी ते माग ऐन पाळीत थांबायचे ते फक्त लाइट गेल्यावर. नाहीतर नारळी पौर्णिमेला, विणकरांचे देव मार्कंडेय यांच्या रथाच्या दिवशी. आता स्वप्ना प्रॅक्टिसला बसली की रोज संध्याकाळी थांबायला लागले. मागावरचे रसूलभाई मला रस्त्यात भेटले. त्यांची मजुरी नगावर, माग थांबला की मजुरीही थांबते. "साहेब, आमालाबी गेम शिकवा की आता," ते म्हणाले. "माग तर बंदच हायत." मी हसलो, पण तिथं फार वेळ थांबलो नाही.

कारण कॉम्प्युटर अजून तापतच होता.

त्या शनिवारी स्पर्धेचा निकालाचा सामना होता. तीन गेममध्ये जी दोन जिंकेल, ती टीम पुण्याच्या फायनलला. पहिला गेम स्वप्नाच्या टीमनं मारला. दुसऱ्यात ऐन वेळी तिचा माणूस पुतळा झाला आणि गेम गेला. मध्ये अर्ध्या तासाचा ब्रेक. मी बॅग घेऊन धावलो.

जिन्यातच अण्णा भेटले. "सकाळपासून एक माग चालू नाही. आता कुठला कापूस, सांगा!"

आता कूलर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. स्क्रू सैल केले, ठोकळा उचलला. पेस्ट पुसायला गेलो तर बोटाखाली काहीतरी सरकलं. ठोकळ्याच्या बुडाला पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी. कंपनीतून येताना धातूला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली असते. बसवण्याआधी ती सोलायची असते. नवशिकासुद्धा सोलतो. मी जोडताना दुसऱ्या गिऱ्हाइकाशी फोनवर भांडत होतो. उष्णता बिचारी प्लॅस्टिकवर डोकं आपटत होती.

"सापडलं?" मागून अण्णा.

"सापडलं."

"कापूस?"

खोलीत सगळे उभे होते. स्वप्ना नखं खात होती. दारात रसूलभाई. मी पट्टी मुठीत दाबली.

"हो. फार आत गेला होता."

नवी पेस्ट लावली, कूलर आवळला, बटण दाबलं. तिसरा गेम सुरू झाला. साठ. पासष्ट. फाइट पेटली, सत्तर. आकडा तिथंच थांबला! मी स्क्रीनवर फक्त तो कोपरा बघत होतो.

"आपले कुठले? निळे का लाल?" अण्णा ओरडले.

"नायना, उंडु!" बाबा, थांबा म्हणून स्वप्ना घरच्या तेलुगूत खेकसली. तिच्या टीमचे दोघं पडले. ती एकटी भिंतीआड, समोर तिघं. पहिला गेला. दुसरा गेला. रसूलभाईंनी माझा दंड इतका आवळला की वळ उठला. तिसरा खिडकीतून आला आणि ती त्याच्यापेक्षा डोळ्याची पापणी लवण्याएवढी आधी वळली.

मग कोण कुणाला मिठी मारतंय कळेना. रसूलभाई अण्णांना मिठी मारून नाचत होते. अण्णांनी मागावरून काल उतरलेला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. "इंजिनियर, तुमच्यामुळं पोरगी पुण्याला चालली!"

तेव्हा सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. मी टॉवेल घेऊन घरी आलो.

स्वप्ना पुण्याला खेळून आली. कॉम्प्युटर आता सत्तरच्या वर जात नाही. अण्णा सगळ्यांना सांगतात की हा माग बंद ठेवण्याचा गुण. म्हणून माग आजही संध्याकाळी थांबतात, आणि रसूलभाई दारात बिडी ओढत बसतात.

कूलर बसवण्याआधी त्याच्या बुडाला नख लावून बघावं, हा धडा. नेहमीचं कारण पटकन सापडलं तर जास्तच बघावं.

अण्णा आणि रसूलभाई, या दोघांना समोर बसवून खरं सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.