रेघ नसलेली गोळी

"हिच्यावर मधली रेघ कुठंय?" बायकोनं गोळी उजेडात धरून विचारलं. हॉस्पिटलातल्या यंत्रानं माझं वय, वजन, रक्ताचे रिपोर्ट पाहून ती थरावर थर देत खास माझ्यासाठी छापली होती.

इतकी वर्षं माझी रक्तदाबाची गोळी बायको अडकित्त्यानं अर्धी करायची. तुकडे कधीच सारखे व्हायचे नाहीत. मी कमी जेवलो की लहान तुकडा हातावर यायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता मापात चूक नाही म्हणे. तरी अनोळखी माणसानं रस्त्यात नावानं हाक मारावी, तसं वाटलं. मी पाण्याचा पेला उचलला.

"अहो," ती म्हणाली, "आज तुम्ही नीट जेवला नाहीत, हे त्या यंत्राला कोणी सांगितलं?"