आडातला अर्थ
नात फोनवर ‘हँग ऑन’ म्हणून गप्प झाली, की मला चाकूरजवळच्या आमच्या शाळेमागचा कोरडा आड आठवतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या लागल्या होत्या, पण पाणी टँकरनंच येई. इंग्रजीचे सर आम्हा मुलींना भर उन्हात त्या आडाच्या काठावर उभं करत. ‘गिव्ह अप’, ‘गेट अलाँग’ असं काहीबाही ते आत ओरडत, आणि आवाज घुमून वर यायच्या आत आम्ही अर्थ सांगायचा. शब्द दोन अन् अर्थ तिसराच, त्यामुळे आम्ही हटकून चुकायचो. चुकायची नाही ती एकटी सरांची लेक. पण ती आदल्या उन्हाळ्यात तापानं गेली होती. त्या दुपारी सर ‘हँग ऑन’ ओरडले. ‘लटकून राहा,’ माझी मैत्रीण पुटपुटली. सरांनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा ध्यानात आलं, त्यांचा आवाज फिरून वर आलाच नव्हता. कोरड्या आडातून गार, ओल्या मातीचा वास आला, आणि पाठोपाठ मुलीचा बारीक आवाज: ‘जरा थांबा, अण्णा.’ आम्ही एकमेकींचे हात घट्ट धरले. सर मात्र काठावर अलगद टेकले आणि आत वाकून म्हणाले, ‘हाव माय, थांबलो हाय.’ पुढं त्यांची बदली लातूरला झाली. ते गेलेच नाहीत. आजही फोनवर नातीचा आवाज परत येईपर्यंत मी देव पाण्यात घालून बसते.