धानाच्या गोदामातली गिटार

सुखदेव मेश्राम सरांच्या साठीनिमित्त काढलेल्या पत्रकात सत्कार समितीने छापले आहे की, सरांनी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय गिटार-अभ्यासांचा संपूर्ण संच ध्वनिमुद्रित केला. हे खरे नाही. शेवटचा अभ्यास अपुरा आहे. पत्रक घेऊन सर माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही होत्या ना तिथी. तुम्हीच लिहा," म्हणाले. म्हणून लिहिते आहे.

मी अहेरीच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा सर तिथे गणित शिकवत. पहिल्या दिवशी नजरेत भरली ती त्यांच्या उजव्या हाताची वाढवलेली नखे. मला ते मुळीच आवडले नाही. शाळेच्या शिपाई कौसल्याबाई तर तोंडावर विचारत, "मास्तर, एकाच हाताची नखं काऊन वाढवून राह्यले? भाजी निवडाले?"

"तारा निवडाले, बाई."

नागपूरला शिकताना ते एका गोवेकर वादकाकडे गिटार शिकले होते. हे अभ्यास म्हणजे बोटांना वळण लागावे म्हणून रचलेले छोटे तुकडे, सोप्याकडून अवघडाकडे जाणारे. ते ध्वनिमुद्रित करण्याचे कारण सर एकच सांगत, "कोणी पोरगं शिकाले आलं, तर त्याले ऐकाले पाहिजे ना?"

त्यांच्या घरासमोरून लाकडाचे ट्रक जात, म्हणून त्यांनी गावाबाहेरचे धानाचे गोदाम मागून घेतले. पोती आढ्यापर्यंत रचलेली असली की आवाज घुमत नसे. त्यामुळे आमचे काम धान आल्यावर, हिवाळ्यातल्या रविवारी चाले. रेकॉर्डरची बटणे मी दाबत असे. एक सूर घसरला तरी सर अख्खा अभ्यास पुन्हा वाजवत. तुकडे जोडून पुरे करणे त्यांना मान्य नव्हते.

माझे यजमान चंद्रपूरला दवाखान्यात होते, तेव्हा सरांनी न सांगता माझे सगळे वर्ग घेतले. यजमान गेले. परत आल्यावर मी आभार मानू लागले, तर म्हणाले, "पोरं इथीच होती, मीबी इथीच होतो." पुन्हा तो विषय त्यांनी काढू दिला नाही.

मग त्यांच्या डाव्या हाताची करंगळी दुखून आखडू लागली. डॉक्टरांनी सुधारणेची आशा दिली नाही. एकच अभ्यास उरला होता, सगळ्यांत अवघड. नेमके त्या वर्षी धान पिकले नाही. रिकाम्या गोदामात सर टाळी वाजवून पाहत आणि मान हलवत. पुढच्या हंगामापर्यंत बोट थांबणार नव्हते.

कौसल्याबाईंनी घराघरांतून वाकळी, जाड गोधड्या, गोळा केल्या. "सांजेच्या आत वापस पाहिजेत मास्तर, नाई तर पोरं कुडकुडतीन."

पोत्यांच्या जागी दोऱ्या बांधून वाकळी टांगल्या. आवाज सुधारला. बोट सुधारले नाही. दुपारभर सर वाजवत राहिले आणि दर वेळी करंगळी एकाच जागी कमी पडली.

"तेवढं सोडून पुढं जा ना मास्तर. कोणाले कळते?" कौसल्याबाई म्हणाल्या.

"शिकणाऱ्याले कळते, बाई."

ऊन उतरल्यावर वाजवता वाजवता ते पुन्हा त्या जागेपाशी आले, थांबले आणि त्यांनी मला बटण बंद करायला सांगितले. वाकळी घरोघरी पोचवायला स्वतः गेले.

सरांना उदंड आयुष्य लाभावे, हे सगळेच लिहितील. मी एवढेच मागते की त्या दुखऱ्या हाताने त्यांना रात्री झोपू द्यावे, आणि "हल्ली वाजवत नाही का?" असे कोणी विचारू नये.

समितीच्या स्वाधीन केलेल्या वस्तू अशा: सर्व कॅसेटी, क्रमाने लावलेल्या. शेवटची मध्येच थांबते; ती तशीच ठेवावी. माझा रेकॉर्डर. सरांची गिटार, तारा उतरवलेली, शिकायला येईल त्याला देण्यासाठी. आजवर कोणी आलेले नाही.