रेइनो हाकालाची शाबासकी

उत्तर ओंटारिओतल्या मक्विन लेकवर रेइनो हाकालाचं पाण्यावरून उडणारं विमान म्हणजे सगळ्यांचीच गाडी होती. टपाल, पिठाची पोती, अडलेली बाळंतीण, सगळं त्यानेच नेलं. माणूस अबोल, पण हात पक्का.

त्या शरद ऋतूत तो धाकटा मेहुणा आर्वो याला घेऊन मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीला गेला. परतताना मागे मांस ठासून भरलेलं. सरोवर आरशासारखं स्तब्ध. अशा पाण्यातून जड विमान सुटत नाही, म्हणून रेइनो वाऱ्याची वाट बघत बसला.

"दाजी, मी फुंकर मारू का?" आर्वो म्हणाला. "की ताईला सांगू, तुझा नवरा म्हातारा झाला म्हणून?"

रेइनोने इंजिन सुरू केलं. विमान पाणी कापत धावलं, धावतच राहिलं. समोरचा काठ जवळ आला, तेव्हा पाण्याची पकड सुटावी म्हणून त्याने विमानाची एक बाजू उचलून जोर लावला. दुसऱ्या बाजूचा पंख पाण्याला लागला आणि विमान उलटं झालं.

बर्फासारखं पाणी आत शिरलं. रेइनो पट्टा सोडून दाराकडे निघाला. आर्वोचा पट्टा अडकला होता. त्याने रेइनोचा घोटा पकडला. रेइनोने लाथ मारली. पकड सुटेना, म्हणून पुन्हा मारली, तोंडावर.

दुसऱ्या दिवशी आर्वोचं प्रेत वर काढलं. रेइनोच्या बायकोने, लेम्पीने, भावाला स्वतः आंघोळ घातली. भुवईवर बुटाच्या नालेची कमान उमटली होती. बाहेर येऊन ती नवऱ्याच्या बुटांकडे बघत राहिली.

"लेम्पी, मी..."

"बोलू नकोस. आईला कळलं तर ती जागीच जाईल. तिलाही मारायचंय तुला?"

दफनाच्या वेळी तिने सगळ्या गावाला सांगितलं, "माझ्या नवऱ्याने आर्वोसाठी पुन्हा पुन्हा बुडी मारली. शेवटी स्वतःच बुडता बुडता वाचला तो." म्हाताऱ्या सासूने रेइनोच्या गालांवरून हात फिरवला. लोकांनी पाठ थोपटली.

ती शाबासकी मग संपलीच नाही. नवा माणूस कॉफीला आला, की लेम्पी तीच गोष्ट रेइनोला समोर बसवून सांगायची. त्याने विमान उडवणं सोडलं, लाकडाच्या गिरणीत लागला. एकदा कपडे भरून निघाला, तर ती म्हणाली, "जा. मग मी खरं सांगते." तो परत आत आला. सासू त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणायची आणि जेवताना मोठा तुकडा त्याच्याच ताटात घालायची.

बरीच वर्षं गेली. सासू पार थकली. लेम्पी दुकानात गेली असताना रेइनो सासूच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. घोटा, लाथ, दुसरी लाथ.

म्हातारीच्या सुया थांबल्या नाहीत.

"लेम्पीने मला त्याच दिवशी सांगितलं होतं, आंघोळ घालताना," ती म्हणाली. "तू कधी बोलतोस, तेवढंच बघत होते. फार वेळ लावलास रे. कॉफी पी, गार होतेय."

त्याच हिवाळ्यात ती गेली. शवपेटीला खांदा द्यायला लेम्पीने सगळ्यांत पुढे रेइनोला उभं केलं. पाद्री त्याच्या कानाशी म्हणाला, "लेकापेक्षा जास्त केलंस तू त्यांचं."


"हो," शेजारी उभी असलेली लेम्पी म्हणाली, "आईही हेच म्हणायची."