सोयाबीनच्या काट्यावरचा पाय

दारव्ह्यात माझं मोटरसायकली दुरुस्त करायचं गॅरेज आहे. एका गिऱ्हाइकाच्या गाडीची ट्रायल घ्यायला निघालो आणि वळणावर सांडलेल्या गिट्टीवरून घसरलो. उजव्या नडगीचं हाड मोडलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी आत प्लेट आणि आठ स्क्रू बसवले. एक्स-रे पाहून मी खूश. नट-बोल्ट कसले की काम संपलं, हा माझा आजवरचा अनुभव. प्लेट नुसती धरून ठेवते, जोडायचं काम हाडालाच करावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी कानाआड केलं.

सहा महिने झाले तरी पाय टेकवला की कळ यायची. नव्या एक्स-रेत मोडलेल्या जागची काळी फट होती तशीच. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं. केव्हाच सोडली, असं मी सांगितलं. शेजारी बसलेली बायको शांतपणे म्हणाली, "डॉक्टर साहेब, खर्रा चालूच हाये ह्यायचा. गादीखाली पुड्या सापडतेत मले."

सुपारी-तंबाखू घोटलेल्या त्या पुड्या मी फार हुशारीनं लपवल्या होत्या, असा माझा समज होता. डॉक्टर रागावले नाहीत. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जिथं रक्त नीट पोचत नाही तिथं हाड भरायला अडचण होते, एवढं त्यांनी समजावलं. पेट्रोलची नळी चोंदली की गाडीचं काय होतं हे मला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या ऑपरेशनात त्यांनी माझ्याच कमरेच्या हाडाचा चुरा काढून फटीत भरला. आता हे चिकटेल ना, असं मी विचारलं. ते म्हणाले, तो डिंक नाही. आजूबाजूचं हाड त्यात नव्या रक्तवाहिन्या धाडतं, त्याच्या आधारानं नवं हाड रचतं आणि जुना चुरा हळूहळू मोडून टाकतं. त्याला वेळ द्यावा लागतो. गंमत म्हणजे पायापेक्षा कंबरच जास्त दुखली.

खर्रा सुटताना आठवडाभर मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. बायकोनं खर्र्याऐवजी चघळायला भाजलेल्या जवसाचा डबा उशाशी ठेवला आणि भाजीतल्या मिठावरची माझी तक्रार ऐकून हसली.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी पायावर थोडं वजन द्यायला सांगितलं. आधी दहा किलो, मग दर आठवड्याला पाच वाढवायचे. अजिबात भार नसला की हाडही आळसावतं, म्हणे. पण दहा किलो म्हणजे किती दाबायचं, ते काट्यावर पाय ठेवून शिकायचं होतं. घरात काटा कुठला? गॅरेजसमोर सोयाबीनचा व्यापारी होता, त्याच्याकडे पोती तोलायचा मोठा काटा होता. कुबड्या घेऊन बायकोसोबत तिथं गेलो.

पहिल्या दिवशी आकडा चारच्या पुढं जाईना. प्लेट तुटेल या भीतीनं मला घाम फुटला होता. बायकोनं कोपर धरलं. "मी धरून हाये," ती म्हणाली, "द्या वजन."

मी दाबलं. व्यापाऱ्यानं चष्मा सावरून पोत्याचं वाचावं तसं वाचलं, "दहा. बस, मिस्त्री, अकरावर जाऊन राह्यले तुमी." माल ओलसर असला की व्यापारी वजनात कपात करतात. माल घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यानं गंभीरपणे विचारलं, "ओल किती कापता याची?" काट्याभोवतीची सगळी माणसं हसली, मीही हसलो. पुढं रोज सकाळी आधी माझा पाय तोलला जायचा, मग सोयाबीन.

तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. फटीत धुरकट पांढरं काहीतरी दाटून आलं होतं. हाड धरतंय, डॉक्टर म्हणाले. बायकोनं एक्स-रे मागून घेतला, उजेडात धरला आणि पांढरं ते नवं का, म्हणून विचारलं. हो म्हटल्यावर ती बराच वेळ बघत राहिली.

परतताना आम्ही जीपनं बाजाराजवळ उतरलो. आता एकच कुबडी होती. तिनं मेथी घेतली, पिशवी माझ्या मोकळ्या हातात दिली आणि नेहमीच्या चालीनं पुढं निघाली. मागं वळून काही पाहिलं नाही. तिला गाठायला मला जरा भरभर चालावं लागलं.